लाभ, दोन, तीन

आमच्याकडे रास मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मोजणारा उकिडवा बसतो, पायली राशीत खुपसतो, वरून हाताची कड फिरवून सपाट करतो आणि पोत्यात रिकामी करतो. मोजायचे आमचे अण्णा. समोर दोन पोती. एक मालकाच्या माणसानं धरलेलं, दुसरं मी. लाभ मालकाच्या पोत्यात, दोन आमच्या, तीन मालकाच्या, चार आमच्या. अर्धेलीचा हिशेब एवढाच. लाभ आमच्या पोत्यात कधी पडला नाही, आणि तो का पडत नाही हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी आकडे शिकलो ते या खळ्यावर. पहिलीत गुरुजींनी फळ्यावर एक काढून 'हे काय?' विचारलं, तर मी 'लाभ' म्हणालो. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, तेही कुणबाऊ घरातले होते.

गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं ते हे मंगळवेढं. जमीन काळीभोर, उन्हाळ्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा अशी. पेरणी हस्ताच्या आगंमागं. त्यानंतर पाऊस आला तर आला. नाही आला तरी जमिनीनं धरलेल्या ओलीवर ज्वारी माघापर्यंत तग धरते. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ अण्णांची. त्यांच्या मुठीतून बी इतकं सारखं सुटायचं की उगवण झाल्यावर ओळीत बोटं घालून मोजावीत.

घरची जमीन नव्हती. बियाण्या-खताचा खर्च निम्मानिम्मा, बैल आणि राबणं आमचं, धान्य निम्मं, कडबा निम्मा. कागद कसलाच नाही. दोन-तीन वर्षं झाली की मालक आम्हाला या रानातून उठवून त्या रानात घालायचे. लहानपणी मला वाटायचं, पीक पालटतात तसे वाटेकरी पालटत असतील. कारण पुढं कळलं. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातली दुरुस्ती यांमुळं १ एप्रिल १९५७ ला जो कसत होता तो कूळ जमिनीचा मालक होणार, असं ठरलं. काही जणांना जमिनी मिळाल्याही. उरलेल्या मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: एकाला एका तुकड्यात फार दिवस टिकू द्यायचं नाही आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्याचं नाव येऊ द्यायचं नाही. अण्णांनी पेरलेल्या रानाच्या उताऱ्यावर कसणाऱ्याच्या जागी 'खुद्द' लिहिलेलं असायचं. खुद्द पुण्यात राहायचे.

१९७२ ला मी आठ वर्षांचा होतो. त्या साली खळं झालंच नाही. आई-अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी आली. तिला सगळे मिलो म्हणायचे. आई पीठ मळताना रडायची ते भुकेनं नाही, भाकरी थापता थापता चिरायची म्हणून. आमच्या मालदांडी ज्वारीच्या मोत्यासारख्या दाण्यावर हात बसलेली बाई ती. "ही काय ज्वारी हाय व्हय," म्हणायची. आम्ही खायचो. त्या वर्षी मिलोला मी जितक्या शिव्या ऐकल्या, तितक्या मालकालाही कुणी दिलेल्या ऐकल्या नाहीत.

शाळेचं फारसं सांगण्यासारखं नाही. गणित बरं होतं, वह्या दुसऱ्याच्या होत्या. बारावीला शास्त्र घेतलं कारण वर्गशिक्षकांनी अर्जावर तसं लिहून टाकलं.

१९८२ ला कृषी पदवीचा अर्ज भरला. शेतकऱ्याच्या मुलाला जादा गुण मिळायचे, पण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. तो आमच्याकडे कुठला? मग कुणीतरी सुचवलं, भूमिहीन शेतमजुराचा दाखला काढ. एका कचेरीत चार खेपा घातल्या. तिथल्या साहेबांचा प्रश्न अगदी बिनतोड होता: "तुझा बाप मजुरी घेतो का रोज? नाही ना? मग मजूर कसा? बरं, जमीन आहे का नावावर? नाही ना? मग शेतकरी कसा?" अण्णा शेजारी टोपी हातात धरून उभे होते. चाळीस वर्षं औत हाकलेला माणूस, आणि कागदावर ना शेतकरी ना मजूर. जादा गुणांवाचून अर्ज भरला आणि दुसऱ्या यादीत नाव लागलं, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात.

आता एक कबुली. पहिले काही दिवस वर्गात 'सॉरघम' नावाच्या पिकाबद्दल शिकवत होते. मी ते परदेशातलं काहीतरी समजून उतरवून घेत होतो. खोडमाशी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी पोंग्यात शिरते, पोंगा वाळून जातो, ओढला की हातात येतो, असं सर सांगायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. असले पोंगे मी शेकड्यानं उपटलेले होते. शेजारच्या मुलाला विचारलं, "म्हणजे ज्वारी?" तो म्हणाला, "मग तुला काय वाटलं?"

दुसरा धक्का तिसऱ्या वर्षाला बसला. विषय संकरित बियाण्याचा होता. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. व्यापारी प्रमाणात संकर करायचा तर लाखो फुलांतले परागकोष हातानं कोण काढणार? म्हणून मुळातच नर वांझ असलेली मादी-ज्वारी लागते. ती १९५४ ला अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवून दिली: मिलो ज्वारीचा पेशीद्रव आणि त्यात काफिर ज्वारीचं केंद्रक, असा मेळ बसवला की पराग तयार होत नाही. याच मेळाच्या सीके-६० या मादीवरून १९६४ ला भारतातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. सर फळ्याकडे वळले आणि मी वहीत 'मिलो' हा शब्द लिहून त्याच्याकडे बघत बसलो. जिच्या नावानं आमच्या गावानं बोटं मोडली, तिचं रक्त खरिपात पिकणाऱ्या त्या संकरित ज्वारीत होतं. पेशीद्रव आईकडूनच येतो, म्हणजे आईच ती. सुट्टीत घरी हे सांगितलं तर आईनं भाकरी उलथवत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरीच हायब्रीडची भाकरी वातड."

शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर नाही, पण भाकरीचा मुद्दा खोटा नव्हता. खरिपात संकरित ज्वारीनं पीक वाढवलं. रब्बीत मात्र आमचा भाग मालदांडी सोडायला तयार झाला नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण (एम म्हणजे मालदांडी) माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी पेरला आणि माझ्या मुलांच्या वयाची माणसंही पेरतात. दाणा, भाकरी, कडबा, खोडमाशीशी बऱ्यापैकी टक्कर, असं सगळं एका ताटावर. त्याला मागं टाकायचं, हे आम्हा रब्बी ज्वारीवाल्यांचं जन्माचं काम.

पदव्युत्तर शिक्षणाला राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेलो आणि तिथं हातानं संकर करायला शिकलो. शिकवलं ते प्राध्यापकांनी कागदावर. हातात आणून दिलं ते रोजंदारीवरच्या एका मावशींनी. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं. वरची फुलून गेलेली फुलं छाटायची, खालची कोवळी छाटायची, मधली उद्या उमलतील अशी पन्नासेक ठेवायची. दुपार कलली की सुई घेऊन बसायचं. प्रत्येक फुलात तीन परागकोष. टोकानं अलगद उचलून बाहेर काढायचे. एक जरी फुटला तरी ते फूल खुडून टाकायचं. मग कागदी पिशवी चढवायची, तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत बापाच्या कणसाचा पराग आणून झटकायचा. माझ्या पहिल्या वीस कणसांत एकही शुद्ध संकर निघाला नाही. मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही डोळ्यानं काढताय. हातानं काढा." त्यांचा हात चाड्यावरच्या अण्णांच्या मुठीसारखाच होता. त्यांनी केलेल्या संकरांवर निदान तीन प्रबंध उभे आहेत, त्यांतला एक माझा. ऋणनिर्देशात 'प्रक्षेत्रावरील कर्मचारी' असं लिहिलंय.

प्रबंधापेक्षा मला जास्त शिकवून गेला तो घरचा प्रयोग, आणि तो महागही पडला.

कापणीआधी अण्णा उभ्या पिकातून ठसठशीत कणसं वेचायचे, आढ्याला टांगायचे आणि पुढच्या साली त्यांचंच बी पेरायचे. गावात सगळेच तसं करायचे. प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रयोगाच्या शेतावर, आम्ही प्रत्येक वाफ्याच्या कडेच्या ओळी सोडून मधल्याच कापायचो, कारण कडेच्या ताटाला शेजारी कमी, ऊन-ओल-खत जास्त, म्हणून कणीस मोठं. तो मोठेपणा जागेचा असतो, बियाण्यात उतरत नाही. ठोकळ्यात, म्हणजे वाफ्यांच्या एकेका गटात, त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची, प्रत्येक प्रकार चार-चार वेळा लावायचा, तेव्हा कुठं जमिनीचा वाटा वेगळा आणि बियाण्याचा वाटा वेगळा काढता येतो. पानसे-सुखात्म्यांच्या शेतीतल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातून हे आम्ही घोकलेलं. डॉ. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे, याचा आम्हा मुलांना फार अभिमान. वाट्याचाच हिशेब की हा, मला चटकन समजला. आणि अण्णा कणसं कुठून वेचतात ते आठवलं: बांधाकडून, उकिरड्याजवळून, विरळ पडलेल्या जागेतून.

१९८८ च्या हस्तात मी सुट्टी काढून गेलो. अण्णांच्या निवडक कणसांचं बी आणि राशीतलं सरसकट बी, दोन प्रकार, चार-चार वाफे. अण्णांना गंमत वाटली. "पैज लावतूस व्हय रं बापाशी?" म्हणाले. वाफे ओळखू यावेत म्हणून मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, टेपनं मोजून वहीत नकाशा काढला.

माघात कापणी केली, वाफ्यावाफ्याचं धान्य वेगळं झोडपलं, काट्यावर घातलं. फरक नव्हता. दोन वाफ्यांत अण्णांचं बी वर, दोनांत राशीचं. मी अंगणात आकडेमोड करून त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदा विचारलं की पाचव्यांदा लावलं असतं तर? मग बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "म्हंजी तीस वर्सं मी बांधाचंच बी पेरलं म्हण की," म्हणाले. "आन् बांध तर मालकाचा." मी त्यांना सांगायला हवं होतं की निवड खोटी नसते, एम ३५-१ सुद्धा कुणाच्या तरी नजरेनंच निवडला, फक्त ती नजर पुन्हा पुन्हा लावून तपासावी लागते. ते सुचलं गाडीत बसल्यावर.

पण खुंट्या गावानं पाहिल्या होत्या. टेप पाहिला होता, वहीतला नकाशा पाहिला होता. पुण्याला शिकलेला वाटेकऱ्याचा पोरगा मालकाच्या रानात खुंट्या ठोकून मोजमाप करतोय, याचा अर्थ मालकाच्या माणसानं त्याच्या परीनं लावला. पाडव्याला साल बदलतं. अण्णांना निरोप आला की यंदा दुसरा गडी बघितलाय. मी मालकांच्या घरी गेलो, वही दाखवली, संख्याशास्त्र समजावायचा प्रयत्न केला. ते सभ्यपणे म्हणाले, "अरे, तुझ्यावर संशय नाही. पण कायदा वाईट." चहा पाजला. दोन वर्षं अण्णांना कुणी रान दिलं नाही. बैल विकले. माझी नोकरी लागली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळतो.

नोकरीतल्या वर्षांबद्दल लोक आदरानं विचारतात, पण पिकाची पैदास हे सावकाशीचं काम. रब्बी वर्षातून एकदाच येते. संकराची पहिली पिढी सगळी सारखी, दुसऱ्या पिढीत एका आईबापाची पोरं शंभर तऱ्हेची. त्यातून निवडायचं, एकेका ताटाचं बी वेगळं पेरायचं, सहा-सात पिढ्या. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग अनेक ठिकाणच्या, मग शेतकऱ्यांच्या रानात. मालदांडीवरून मी १९९३ ला केलेला एक संकर २००२ पर्यंत टिकला. दाण्याला सरस, पानं तकतकीत, म्हणून खोडमाशी कमी. अण्णा बघायला आले होते. ताट मोडून चघळलं, भाकरी करवून घेतली, आईनंही नाव ठेवलं नाही. घरात सगळे धरूनच चालले की आता हा वाण येणार.

२००३ ला पाऊस गेला. फुलोऱ्यानंतर ओल तुटली की खडखड्या येतो. बुरशी मुळातून खोडात चढते, आतला गाभा सडून धागे उरतात आणि वाऱ्यानं ताटं आडवी होतात. मालदांडी वाळत वाळत उभी होती. माझे वाफे चटई अंथरल्यासारखे झोपले. त्या ठिकाणचं नोंदपुस्तक अजून आहे. वाणाच्या क्रमांकापुढं एकच शब्द: वगळला. पुढं राहुरीहून हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा असे चांगले वाण आले. ती इतरांची कामगिरी. मी त्यांच्या चाचण्यांत कडेच्या ओळी सोडून मधल्या कापल्या, एवढंच.

अण्णा २००९ ला गेले. मी शास्त्रज्ञ म्हणजे काय करतो, हे ते शेवटपर्यंत गावात "ज्वारीच्या खात्यात हाय" असं सांगायचे.

२०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. माझ्यासारख्या निवृत्तांनाही शाली मिळाल्या. एका समारंभात निवेदकानं 'वाटेकऱ्याचा मुलगा ते शास्त्रज्ञ' अशी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो आणि मला घाम आला, कारण त्या आठवड्यात माझ्याकडे एक प्रश्न आला होता.

निवृत्तीच्या पैशातून मी गावाजवळ तीन एकर घेतलंय. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं त्या दिवशी उतारा घेऊन आईच्या फोटोपाशी उभा राहिलो, ते खरं आहे. मी राहतो सोलापुरात. रान एकाला अर्धेलीनं दिलंय. चांगला माणूस आहे, हात चांगला आहे. ई-पीक पाहणीचं ॲप माझ्या नावानं आहे. फोटो तो काढतो, नोंद माझी होते. अनुदानाचं बियाणं आलं तेव्हा त्याला मिळालं नाही, सातबारा नाही म्हणून. मी माझा उतारा दिला आणि बियाणं माझ्या नावावर आलं. त्यानंतर त्यानं फोनवर विचारलं, "सर, एक साधा कागद करून देता का? वाट्यानं करतो म्हणून. पीकविम्याला तरी."

मी वकील मित्राला विचारलं. तो लगेच म्हणाला, "खुळा आहेस का? कागद करू नको. आणि तीन वर्षांपुढं एकाला ठेवू नको." मी त्याला कायद्याचं बरंच काही सुनावलं. १९५७ पासून सगळं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण करू नको."

गेल्या माघात रास झाली. आता मळणी यंत्रानं होते, पायली नाही, पोती काट्यावर जातात. तरी पहिलं पोतं उचलताना त्यानं सवयीनं 'लाभ' म्हटलं आणि ते माझ्या टेम्पोत चढवलं. मी म्हणालो, राहू दे, ते तुझ्याकडं ठेव. तो हसला. "असं कुठं असतंय व्हय सर," म्हणाला आणि दुसरं पोतं त्याच्या बाजूला ठेवलं.

कागद अजून केलेला नाही. हस्त महिन्यावर आलाय, आणि त्याचं माझ्या रानातलं हे तिसरं वर्ष.